दही सोडलं, लोणचं चालू

शहापुरात राहणाऱ्या आमच्या मावशीनं गेल्या उन्हाळ्यात दही सोडलं. मग इडली गेली, पनीर गेलं, आणि शेवटी कुंदाही नको म्हणाली. बेळगावच्या माणसानं कुंदा नाकारला की घरात चर्चा होणारच. विचारलं तर म्हणाली, "मनाच्या गोळ्या चालू असताना आंबलेलं खाल्लं की बीपी चढतंय म्हणं. मोबाईलवर आलंय."

मी गोळ्यांचं पाकीट उलटं करून नाव वाचलं: एस्सिटॅलोप्रॅम, म्हणजे नैराश्यावरची गोळी. या गोळीचं आणि दह्याचं काही वाकडं नाही. मोबाईलवरचा मजकूर तसा खोटा नव्हता, पण तो दुसऱ्याच गोळीचा होता.

त्या दुसऱ्या गोळीची गोष्ट क्षयापासून सुरू होते. 1952 च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रोग्यांना इप्रोनियाझिड हे नवं औषध देऊन बघत होते. महिनोन्‌महिने खाटेला खिळलेली माणसं अचानक हसू-बोलू लागली, वॉर्डात नाचू लागली. 1957 पासून तेच औषध नैराश्यावर वापरात आलं. सिरोटोनिन, नॉरअॅड्रेनलिन अशी निरोप पोचवणारी रसायनं मोडून टाकणारं मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) आपल्या शरीरात असतं. हे औषध त्यालाच बंद पाडतं, म्हणून मेंदूत ही रसायनं टिकून राहतात. पुढे इप्रोनियाझिड यकृताला इजा करतं म्हणून मागे पडलं. फेनेलझिन आणि ट्रॅनिलसिप्रोमिन ही त्याच घराण्यातली भावंडं मात्र राहिली.

मग एक विचित्र प्रकार दिसू लागला. या गोळ्या घेणाऱ्या काहींचं डोकं मागच्या बाजूनं एकाएकी ठणकायचं, घाम फुटायचा, छाती धडधडायची, बीपी भलतंच चढायचं. काही जण मेंदूत रक्तस्राव होऊन दगावले. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातला तरुण डॉक्टर बॅरी ब्लॅकवेल या प्रकाराचा माग काढत होता. त्याला एका औषधविक्रेत्याचं पत्र आलं: माझ्या बायकोला हा त्रास चीज खाल्ल्यावर होतो, दूध-लोण्यानं होत नाही. ब्लॅकवेलला आधी हसू आलं. पण 1963 साली त्यानंच चीज आणि या गोळ्यांचा संबंध छापून आणला. मला या सगळ्या प्रकरणात ते पत्रच सगळ्यात मोलाचं वाटतं. घरात कोण काय खाल्ल्यावर कसं होतं, हे डॉक्टरच्या आधी घरच्यांना दिसतं.

घडतं ते असं. दूध, मासे, मांस यांच्या प्रथिनांत टायरोसिन असतं. पदार्थ बराच काळ मुरला की जिवाणू त्याचं टायरामीन करतात. नावातला 'टायरो' म्हणजे ग्रीक भाषेत चीजच. एरवी हे टायरामीन आतड्यात आणि यकृतातच अडतं, कारण तिथे तेच विकर महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यासारखं बसलेलं असतं. गोळीनं नाका उठवला की माल थेट रक्तात! तिथून टायरामीन मज्जातंतूंच्या टोकांत शिरतं, साठवलेलं नॉरअॅड्रेनलिन बाहेर ढकलतं, आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. 10 ते 25 मिलिग्रॅम टायरामीनही त्यासाठी पुरतं. गोळी थांबवली तरी नाका दुसऱ्या दिवशी सुरू होत नाही. शरीराला नवं विकर घडवायला दोनेक आठवडे लागतात, तोवर पथ्य सुटत नाही.

पथ्याच्या याद्या मात्र परदेशी स्वयंपाकघरं डोळ्यासमोर ठेवून लिहिलेल्या. आपल्याकडे बघायचं ते कारवार-गोव्याकडून येणाऱ्या खाऱ्या सुक्या मासळीकडे, गोबी मंच्युरियनच्या गाड्यावरच्या सोया सॉसकडे, पिंपातून थेट ग्लासात ओतलेल्या बिअरकडे आणि फ्रीजमध्ये तीन दिवस राहिलेल्या मटणाकडे. ताजं दही, ताजं पनीर यांत टायरामीन नगण्य असतं. यादीतल्या 'ब्रॉड बीन्स'चं मराठीत कुणीतरी 'पावटा' करून टाकलंय. ती शेंग बाकल्याची, आपला पावटा निराळा. ताकदीसाठी घेतात ती खाजकुइलीच्या बियांची पूड मात्र या गोळ्यांसोबत खरंच घातक, कारण तिच्यात लेव्होडोपा असतं, आणि शरीर त्यातूनच नॉरअॅड्रेनलिनसारखी रसायनं बनवतं. मेडिकलमधून न विचारता आणलेलं सर्दी-खोकल्याचं औषधही तसंच.

या गोळ्या आता क्वचितच लिहून दिल्या जातात. पण क्षयाशी जुळलेलं नातं वेगळ्या वाटेनं परत आलंय. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी 2024 साली केंद्र सरकारनं मंजूर केलेल्या सहा महिन्यांच्या उपचारात लिनेझोलिड आहे, आणि तेही हे विकर थोडंफार अडवतं. सोबत मनाची गोळी चालू असेल तर ते क्षयाच्या डॉक्टरला सांगायलाच हवं, कारण दोन्ही मिळून सिरोटोनिन धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकतं. नैराश्यावरच्या इतर गोळ्यांचंही बीपीशी आपापलं नातं असतं: व्हेनलाफॅक्सिनचा डोस वाढला की ते चढू शकतं, अॅमिट्रिप्टिलिननं उठून उभं राहताना उतरतं. यातली कुठलीही गोळी आपल्या मनानं बंद करायची नसते.

मावशीचं बीपी थोडं जास्त होतं, हे खरं. डॉक्टरांनी जेवणात काय-काय असतं ते विचारलं. भाकरीबरोबर रोज दोन वेळा कैरीचं लोणचं, वर भाजलेला पापड. मीठ कमी करा, म्हणाले. मावशीनं माझ्याकडे बघितलं. "मोबाईलवर लोणच्याचं काही नव्हतं की."