‘नोटा’ पहिला आला, तरी उमेदवार जिंकतोच

विद्यमान आमदारावर राग असला की एक फॉरवर्ड हमखास येतो: ‘नोटा’ला (म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाला) सर्वाधिक मतं पडली तर निवडणूक रद्द होते आणि ते उमेदवार पुन्हा उभे राहू शकत नाहीत. ऐकायला पटतं, कारण न्याय्य वाटतं. पण लोकसभा-विधानसभेला तसा नियम नाही.

मतदान यंत्रावर हे बटण २०१३ पासून आहे. १९६१ च्या निवडणूक नियमांनुसार सर्वाधिक वैध मतं मिळवणारा ‘उमेदवार’ विजयी होतो, आणि नोटा उमेदवार नाही. समजा, हजार मतं पडली: नोटा ६००, अ २५०, ब १५०. निवडून आला अ. अनामतीसाठीही नोटा धरत नाहीत. ती वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात, आणि हा षष्ठांश मोजायचा तो उरलेल्या ४०० चा, म्हणजे किमान ६७ मतं. त्यामुळे ब चीसुद्धा अनामत वाचली!

गोंधळाला थोडा आधार मात्र आहे. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी नोव्हेंबर २०१८ च्या आदेशानं नोटा पहिला आल्यास त्या जागेवर फेरनिवडणूक ठेवली. तिथेही दुसऱ्यांदा नोटाच पुढे राहिला, तर उमेदवारांमध्ये ज्याला जास्त मतं तो विजयी. फॉरवर्ड करताना ‘स्थानिक’ हा शब्द बहुधा गळून पडतो.

पडताळायचं असेल तर निकालाचा फॉर्म २० पाहा. त्यात वैध मतांची बेरीज आणि नोटा हे रकाने वेगळे असतात. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा २७,५०० मतं घेऊन चक्क दुसरा होता. तिथला आकडा याच तक्त्यात सापडेल.