किल्ल्याच्या मातीतले इंग्रजी शब्द

दिवाळीच्या सुट्टीआधी दुसरीच्या वर्गात फळ्यावर इंग्रजी शब्द चढतात: लँप, कँडल, लँटर्न, लाइट. मुलं तालासुरात म्हणतात. सुट्टी संपून परत आली की आकाशकंदिलाला कुणी लँप म्हणतं, पणतीला कुणी कँडल. मुलांनी उजळणी केली नाही, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण थोडा दोष त्या यादीचाही आहे.

थॉमस टिंकहॅम या संशोधकाने १९९३ मध्ये बनावट शब्द शिकवून पाहिले. एकाच जातीच्या वस्तूंचे शब्द एकत्र दिले, तर ते एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांपेक्षा सावकाश पाठ होत होते. सारखे शब्द आठवताना एकमेकांच्या पायात येतात. १९९७ मध्ये त्याने प्रसंगाभोवतीचे शब्द घेतले: बेडूक, तळं, उडी, हिरवा. हे मात्र चटकन लक्षात राहिले. हे प्रयोग मोठ्या माणसांवरचे, त्यामुळे सहा-सात वर्षांच्या मुलांना ते जसेच्या तसे लावू नयेत. पण पणती-कँडलचा गोंधळ वर्गात दिसतोच.

मग यादीऐवजी प्रसंग घ्यावा. आपल्याकडे तो आयताच आहे: दिवाळीचा किल्ला. माती, पाणी, दगड, पायऱ्या, गुहा, मावळे. यातली एकही वस्तू दुसरीसारखी नाही आणि सगळ्या एकाच गोष्टीतल्या. शाळेच्या अंगणात किल्ला करताना बाई फक्त हुकूम सोडतात: ‘ब्रिंग द मड’, ‘पोअर द वॉटर’, ‘पुट द सोल्जर ऑन द टॉप’. मुलांनी बोलायची सक्ती नाही, करून दाखवायचं. जेम्स अॅशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात अशाच हुकमांनी रशियन शिकवण्याचे प्रयोग केले होते. तोंड न उघडणाऱ्या मुलालाही किती कळलंय, ते त्याच्या हातांवरून समजतं. शिवाय वाक्य नुसतं ऐकण्यापेक्षा ती कृती स्वतः केली तर ते जास्त आठवतं, असं स्मृतीवरच्या प्रयोगांत वारंवार दिसलं आहे.

खेळ म्हटला की सगळं साधतं, असंही नाही. अक्षरांच्या चौकटीत शब्द शोधायचं कोडं मुलांना भारी आवडतं, पण त्यात अर्थ माहीत नसला तरी अक्षरं सापडतात! त्यापेक्षा टॉवेलचा खेळ बरा. पाच-सहा वस्तू मांडायच्या, टॉवेल टाकायचा, एक गुपचूप काढून घ्यायची. काय गेलं? इथे शब्द डोक्यातून ओढून काढावाच लागतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांना उतारे देऊन, ते पुन्हा वाचणं बरं की न बघता आठवून लिहिणं, हे तपासलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांना उताऱ्याचा ५६ टक्के भाग आठवला, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के.

(करंजीला इंग्रजी शब्द शोधत बसू नये. करंजी ही करंजीच.)

किल्ल्यावर मोहरी किंवा अळीव पेरतात. रोज दोन मिनिटं ते बघायला जायचं आणि तेवढ्यात चार शब्द विचारायचे. एका दिवशी घोटून घेण्यापेक्षा असे अधूनमधून विचारलेले शब्द जास्त टिकतात. सुट्टीनंतर किल्ला ढासळलेला असेल, मावळे चिखलात रुतलेले. तेव्हाच विचारायचं: ‘व्हेअर इज द सोल्जर?’