साठी ओलांडलेली पलटण

साठी बुद्धी नाठी, असं आपण सहज म्हणून जातो. इ.स.पू. ३१७ मध्ये आजच्या इराणात लढणाऱ्या एका मॅसेडोनियन, म्हणजे सिकंदराच्या मुलखातल्या, पलटणीत मात्र सगळ्यात तरुण शिपाईच साठीचा होता आणि बाकीचे बहुतेक सत्तरीच्या आसपासचे. डायोडोरस हा ग्रीक इतिहासकार असं लिहितो. पलटण तीन हजारांची. नाव अर्गिरास्पिडेस, म्हणजे रुपेरी ढालवाले. सिकंदराच्या भारत मोहिमेच्या सुमारास त्यांच्या ढाली चांदीने मढवल्या गेल्या होत्या.

वयाचा दावा अतिशयोक्त वाटतो, पण हिशेब करून बघा. सिकंदराचा बाप फिलिप इ.स.पू. ३५९ मध्ये सत्तेवर आला. त्या वर्षी अठराव्या वर्षी भरती झालेला पोरगा ३१७ मध्ये बरोबर साठ वर्षांचा होतो. तीनही हजार जण इतके म्हातारे असतील, हे मला पटत नाही. पण पलटणीचा कणा तरी अशाच लोकांचा असणार.

सत्तरीचा माणूस विशीतल्याला भारी कसा पडतो? उत्तर व्यूहात आहे. मॅसेडोनियन पायदळाचं शस्त्र सारिसा, पाच-सहा मीटर लांबीचा भाला. तो दोन्ही हातांनीच पेलायचा, म्हणून ढाल लहान, पट्ट्याने खांद्यावर अडकवलेली. पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार सांगतो की पहिल्या पाच रांगांच्या भाल्यांची टोकं आघाडीच्या शिपायाच्याही पुढे निघायची. म्हणजे समोरून येणाऱ्या एकेका माणसावर पाच-पाच पाती रोखलेली. इथे दंडाच्या ताकदीपेक्षा रांग महत्त्वाची: खाचखळग्यांत अंतर तुटू न देणं, भाला शेजाऱ्याच्या भाल्यात अडकू न देणं आणि मुख्य म्हणजे पळून न जाणं. त्या काळच्या लढायांत मोठी कत्तल फळी फुटून माणसं पाठ दाखवायची तेव्हाच व्हायची. गॉगामेलासारखी सिकंदराची मोठी लढाई पाहिलेला माणूस धुळीच्या लोटाला बिचकत नाही. शिवाय चाळीस वर्षांत जे रोगाने, जखमांनी, उपासमारीने जायचे ते गेले होते. उरले ते काटकच.

सिकंदर गेल्यावर त्याच्या सरदारांत जुंपली, तेव्हा हे म्हातारे त्यांच्यातल्या युमेनिसच्या बाजूने अँटिगोनस या दुसऱ्या सरदाराविरुद्ध उभे राहिले. युमेनिस मॅसेडोनियन नव्हता, ग्रीक होता, आणि सिकंदराचा कारकून म्हणून त्याला हिणवलं जाई. त्याचे हुकूम घ्यायला सरदारांना कमीपणा वाटायचा. मग त्याने शक्कल लढवली: तंबूत सिकंदराचं रिकामं सिंहासन मांडलं आणि मसलती त्याच्यासमोर भरवल्या. जे आपल्याला पाण्यात पाहतात त्यांच्याकडूनच त्याने मोठाली कर्जं काढली, म्हणजे पैसे बुडण्याच्या भीतीने तरी ते आपल्याला जिवंत ठेवतील. पक्का बेरकी माणूस!

३१७-१६ च्या हिवाळ्यात इस्फहानच्या परिसरात, गाबिएने इथे निर्णायक लढाई झाली. पलटणीचा सेनापती अँटिजेनिस याने आधी एक घोडेस्वार पुढे धाडला. त्याने शत्रूच्या मॅसेडोनियन शिपायांना ओरडून सुनावलं की नीचांनो, तुम्ही आपल्या बापांवर शस्त्र उचलताय. मग म्हातारे तुटून पडले आणि समोरचं पायदळ उधळलं. पाच हजार मारले आणि आपला एकही गमावला नाही, हा आकडा मात्र पचायला जड आहे.

तरीही ते हरले. मैदान खारट मातीचं होतं आणि धूळ इतकी उडाली की त्याआडून अँटिगोनसच्या घोडदळाने वळसा घालून मागचा तळच लुटला. तळावर शिपायांच्या बायका, मुलं आणि इतक्या वर्षांची कमाई होती. या लोकांचं दुसरं घर नव्हतंच. छावणी हाच संसार. त्यांनी गुपचूप बोलणी केली आणि संसार परत मिळवण्यासाठी आपल्याच सरसेनापतीला, युमेनिसला, बांधून शत्रूच्या हवाली केलं.

अँटिगोनसने युमेनिसला मारलं आणि अँटिजेनिसला खड्ड्यात जिवंत जाळलं. धन्याला विकणारे आपल्याला काय राखणार, हे त्याने ओळखलं असावं. त्यातल्या सर्वांत उपद्रवी हजार जणांना त्याने अराकोसियाच्या, म्हणजे आजच्या कंदहारकडच्या सुभेदाराच्या ताब्यात दिलं. त्यांना थोडे थोडे करून अशा कामगिऱ्यांवर पाठवायचं की एकही परत येऊ नये, असा हुकूम होता.