गेमिंगसाठी कीबोर्ड घेताय? आधी दोन्ही शिफ्ट दाबून बघा

आमच्याकडे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न हमखास लाइटचा असतो. हौस म्हणून लाइट जरूर घ्या, पण त्याने गोळी लवकर सुटत नाही.

घरच्या कीबोर्डवर एक प्रयोग करा. नोटपॅड उघडा, दोन्ही करंगळ्यांनी दोन्ही शिफ्ट दाबून धरा आणि ए ते झेड एकेक अक्षर टाइप करा. बऱ्याच साध्या कीबोर्डवर मधली काही अक्षरं उमटतच नाहीत. बटणं बिघडलेली नसतात. आत आडव्या-उभ्या वाटांची जाळी असते. तिच्यातल्या एका चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले गेले, की चौथाही दाबल्यासारखा भासतो. हे भूत टाळायला कीबोर्ड ते बटण सरळ सोडूनच देतो. गेममध्ये पळता पळता वाकून तिरकं जायला गेलात की हेच होतं, आणि आपण आपल्या बोटांना बोल लावतो. प्रत्येक बटणाला स्वतंत्र डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा बारीक भाग, असेल तर ही भानगड राहत नाही. म्हणून खोक्यावर 'एन-की रोलओव्हर' शोधा, म्हणजे कितीही बटणं एकदम दाबली तरी सगळ्यांची नोंद होते. नुसतं 'अँटी-घोस्टिंग' (भूत टाळणारं) असेल, तर किती बटणांपुरतं ते विचारा.

मग स्विच, म्हणजे प्रत्येक बटणाखालचा दाबला जाणारा भाग. रंगावरून त्याचा प्रकार कळतो. लाल सरळ खाली जातो, तपकिरी मध्ये हलकासा अडतो, निळा टकटक वाजतो. चेरी कंपनीच्या लाल स्विचला साधारण ४५ ग्रॅमचा दाब लागतो. बटण ४ मिमी खाली जातं, पण २ मिमीवरच त्याची नोंद होते. निळा पुन्हा दाबण्याआधी बऱ्यापैकी वर यावा लागतो, त्यामुळे पटापट दोनदा दाबायला तो आम्ही सुचवत नाही. शिवाय माइकवर तुमच्या टीमलाही ती टकटक ऐकावी लागते!

चुंबकावर चालणाऱ्या 'हॉल इफेक्ट' स्विचमध्ये किती दाबल्यावर नोंद व्हावी ते आपण ठरवतो. नेमबाजीच्या गेमला फरक जाणवतो, गोष्टीच्या गेमला नाही. एक सावधगिरी: अशा कीबोर्डांत डावी-उजवीसारखी उलट दिशेची दोन बटणं एकदम दाबली तर कोणतं धरायचं ते आपोआप ठरवणारी सोय असते. तिला काउंटर-स्ट्राइक २ या नेमबाजीच्या गेमच्या अधिकृत सर्व्हरवर ऑगस्ट २०२४ पासून बंदी आहे. ती सोय बंद ठेवूनच खेळा.

१००० हर्ट्झ पोलिंग, म्हणजे कीबोर्डने सेकंदाला हजारदा कॉम्प्युटरला खबर देणं, पुरे. ८००० साठी जादा पैसे घालू नका. वायरलेस हवा असेल तर डोंगलवाला (यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर असलेला) घ्या, ब्लूटूथ टायपिंगपुरतं ठीक. आकारात आमची पसंती ८७ बटणांना, कारण उजवीकडचा आकड्यांचा भाग गेला की माउसला ऐसपैस जागा मिळते.

जमलं तर हॉट-स्वॅप, म्हणजे स्विच काढता-घालता येणारा, घ्या. उद्या एकदा दाबल्यावर अक्षर दोनदा उमटायला लागलं, तर तेवढाच स्विच उपटून नवा बसवता येतो, सोल्डरिंग लागत नाही. बसवताना त्याचे दोन बारीक पाय सरळ आहेत ना, ते बघा. घाईत दाबलात तर दुमडतात आणि बटण मेल्यासारखं वाटतं. असा स्विच टाकून देऊ नका, घेऊन या. चिमट्याने सरळ करून देतो, त्याचे पैसे घेत नाही.