सिकलसेल: नागपूरला १९५८ पासून ठाऊक असलेलं दुखणं

ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने पुढच्याच महिन्यात 'कॅसजेव्ही' या, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या जनुक-उपचाराला मान्यता दिली. जनुकात नेमका बदल करणाऱ्या क्रिस्पर तंत्रावर आधारलेला हा पहिलाच मान्यताप्राप्त उपचार. अमेरिकेतली किंमत एका रुग्णामागे २२ लाख डॉलर. ही बातमी विदर्भात इतक्या आतुरतेने का वाचली गेली, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

१९१० मध्ये शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्या. १९४९ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचं दाखवलं. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये सिकलसेलचा हा गुणधर्म सापडला आणि १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. म्हणजे हा आजार इथे आहे हे आपल्याला साठ वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. तरीही अनुसूचित जाती, आदिवासी आणि काही ओबीसी समाजांतल्या कितीतरी मुलांचं दुखणं 'वात' किंवा 'अशक्तपणा' म्हणूनच अंगावर काढलं गेलं. याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

भर म्हणून एक समज पसरला होता: भारतातला सिकलसेल सौम्य असतो. त्याला आधार होता. इथल्या रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जन्मानंतरही जास्त टिकतं, आणि ते पेशींना विळ्यासारखं होण्यापासून बऱ्यापैकी वाचवतं. पण नागपूरच्या बालरोग वॉर्डांतलं चित्र वेगळं होतं. हातपाय सुजलेली बाळं, वारंवार रक्त चढवावं लागणारी पोरं, थंडीत किंवा ऐन उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं की उठणारी हाडं फोडणारी कळ. त्यालाच सगळे 'क्रायसिस' म्हणतात.

माझ्या मते नागपूरचं सर्वांत मोलाचं काम इथूनच सुरू होतं. हायड्रॉक्सियुरिया या जुन्या औषधाने क्रायसिस कमी होतात, हे अमेरिकेत १९९५ मध्ये सिद्ध झालं होतं. तिथे मात्रा वाढवत वाढवत रुग्णाला सोसेल तितकी नेतात, आणि त्यासाठी रक्त पुन्हापुन्हा तपासावं लागतं. गोंदिया-गडचिरोलीहून येणाऱ्या आईबापांना ते कसं जमावं? नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी मुलांना वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम अशी कमी, ठरावीक मात्रा देऊन पाहिली. २०१२ मध्ये निष्कर्ष आले: तेवढ्यानेही क्रायसिस आणि रक्त चढवण्याची गरज ठळकपणे घटली. इथल्या गरिबीचा आणि अंतराचा विचार करून बेतलेलं हे संशोधन आहे.

निदानाची पहिली पायरी तशी सोपी. रक्ताचा थेंब सोल्युबिलिटी चाचणीच्या द्रावणात टाकायचा, काही मिनिटं थांबायचं आणि नळी रेघा मारलेल्या कागदासमोर धरायची. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. पण माणूस नुसता वाहक, म्हणजे एकाच पालकाकडून दोष मिळालेला 'एएस', आहे की पीडित, म्हणजे दोघांकडून मिळालेला 'एसएस', हे त्यातून कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली तपासणी करावीच लागते. गावातली तपासणी नेमकी इथेच अडते.

पुढे बरंच घडलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. या आजारासाठी झटलेले नागपूरचे संपत रामटेके यांना २०१८ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं त्याचं उद्दिष्ट आहे. जनुक-संपादनाचा देशी उपचार दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या संशोधन संस्थेत तयार होतो आहे. तो कितीही स्वस्त झाला, तरी सध्याच्या पद्धतीत आधी केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते आणि रुग्णाला कित्येक आठवडे दवाखान्यात ठेवावं लागतं. त्यामुळे आज जन्मणाऱ्या 'एसएस' बाळाची भिस्त जन्मतः तपासणी, जंतुसंसर्ग टाळण्यासाठी पेनिसिलिन आणि न्यूमोकोकल लस आणि पुढे हायड्रॉक्सियुरिया यांच्यावरच आहे.