पेटीच्या पट्ट्या आठ जणांत वाटल्या तर: हँडबेलची थोडी पार्श्वभूमी

आमचा ग्रुप रविवारी संध्याकाळी शरणपूर रोडजवळ एका हॉलमध्ये जमतो, आठ माणसं आणि पंचवीस हँडबेल, म्हणजे हातात धरून वाजवायच्या छोट्या घंट्या, आणि दारातून कोणी नवीन डोकावलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आरती किती वाजता?" त्या माणसाची काही चूक नाही म्हणा. नाशिकमध्ये घंटा म्हटली की नारोशंकराची. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये पंचवटीत रामेश्वराचं देऊळ बांधलं तिथली ती पोर्तुगीज घंटा, तिच्यावर १७२१ साल आहे, आणि १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्या विजयाची आठवण म्हणून ती इथे आली असं सांगतात. पण ती एकटी घंटा, एकच आवाज. आमचं प्रकरण वेगळं आहे, म्हणजे समजा पेटीच्या पट्ट्या सुट्या करून आठ जणांत वाटल्या, प्रत्येकाने आपापली पट्टी आपल्या वेळेला वाजवायची आणि ऐकणाऱ्याला मात्र सलग गाणं ऐकू यायला पाहिजे, तसं.

हे सुरू झालं इंग्लंडमध्ये, आणि ते संगीतासाठी नाही तर प्रॅक्टिससाठी. तिकडे चर्चच्या मनोऱ्यात मोठ्या घंट्या चाकाला टांगलेल्या असतात, एकेका दोराला एकेक माणूस, आणि ते लोक गाणं वाजवतच नाहीत, घंट्यांचा क्रम बदलत बदलत सगळ्या शक्यता संपवतात. सात घंट्या असतील तर ५,०४० क्रम होतात आणि ते सगळे न चुकता वाजवायला तीनेक तास लागतात. १६६८ ला यावर पुस्तकसुद्धा छापलं गेलं होतं. आता ही आकडेमोड डोक्यात बसवायची तर रोज वाजवायला हवं, आणि थंडीत मनोऱ्यात उभं राहून रोज वाजवलं तर आपण गारठणार आणि खाली गाव वैतागणार, मग त्यांनी हातात मावतील अशा छोट्या घंट्या केल्या आणि गावातल्या पबमध्ये शेकोटीशेजारी बसून सराव करायला लागले. विल्टशायरमधल्या ऑल्डबोर्न गावात कॉर नावाचे भाऊ होते, रॉबर्ट आणि विल्यम, त्यांनी १७०० च्या आसपास सुरात लावलेल्या हँडबेल बनवायला सुरुवात केली, आणि एकदा सूर लागल्यावर कोणाला तरी गाणं वाजवावंसं वाटणारच की.

आतली करामत बघण्यासारखी आहे. देवळातल्या घंटेचा लोलक कुठेही हलतो, याच्यात तो पुढे-मागे एवढाच हलतो आणि दोन्ही बाजूंना स्प्रिंग असते, त्यामुळे मनगटाने पुढे गोल झोका दिला की एकच टोला पडतो, परतीचा पडत नाही. मग नाद नको झाला की घंटा खांद्याला टेकवून गप्प करायची. वाजवणं दोन दिवसांत येतं, गप्प करणं शिकायला मला सहा महिने लागले, अजून कधीकधी राहून जातं. धातू आपलं कासंच, साधारण चार भाग तांबं एक भाग कथील, ज्या काशाच्या वाटीने आजी तळपाय घासायची ते. चर्चच्या मोठ्या घंटेत मूळ स्वराबरोबर कोमल गंधारासारखा एक स्वर ठळक ऐकू येतो, म्हणून ती जरा उदास वाटते. हँडबेल लेथवर अशी लावतात की सा बरोबर तार सप्तकातला पंचम बोलतो, म्हणून आवाज स्वच्छ येतो.

पुढे १८५५ पासून मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत स्पर्धा व्हायला लागल्या आणि त्यात यॉर्कशायर-लँकेशायरच्या गावांतले बँड यायचे, आठवडाभर कापडगिरणीत राबणारी माणसं. अमेरिकेत हे नेलं सर्कसवाल्या पी. टी. बार्नमने, १८४० च्या दशकात, आणि तोही असा पठ्ठ्या की लँकेशायरच्या माणसांना स्विस कपडे घालून 'स्विस बेल रिंगर्स' म्हणून स्टेजवर उभं केलं! तमाशा संपला तसा प्रकारही विरला. पुन्हा रुजला तो बोस्टनच्या मार्गारेट शर्क्लिफ बाईंमुळे. त्यांनी १९०२ ला लंडनमध्ये घंटावादन केलं, तिथे त्यांना आठ हँडबेल भेट मिळाल्या, त्या त्यांनी घरी नेल्या, १९२३ ला बोस्टनमध्ये ग्रुप बांधला, आणि १९५४ ला तिकडे देशपातळीवरची संस्था उभी राहिली. तिथून चर्च, शाळा, म्हाताऱ्यांचे ग्रुप, सगळीकडे. ज्या व्हाइटचॅपलच्या कारखान्याचं नाव या धंद्यात सगळ्यात मोठं, तो १५७० पासूनचा, बिग बेन तिथलीच, तो २०१७ ला बंद पडला.

आमचा सेट जुना आहे. एका मेंबरच्या मावशीच्या चर्चने तिकडे नवीन घेतला आणि हा दोन बॅगांत भरून इकडे आला, एअरपोर्टवर बॅग उघडायला लावली तेव्हा तिथल्या साहेबांनी एक वाजवून बघितली, मग दुसरी, मग मागच्या लाइनीतल्या लोकांनीही मागितली. टेबलावर घालायला तिकडे खास फोम मिळतो, आम्ही भद्रकालीतल्या गादीवाल्याकडून तीन इंची कापून आणला. हातमोजे लागतात कारण घामाने कासं काळं पडतं, आणि हे माहीत नसल्याने एका मेंबरच्या सासूबाईंनी प्रेमाने सगळ्या घंट्या चिंच-मीठ लावून घासायला काढल्या होत्या, देवघरातल्या घासतात तशा. तीन झाल्या तेवढ्यात ती घरी पोचली. त्या तीन अजून बाकीच्यांपेक्षा पिवळ्याधमक दिसतात.

खरी भानगड अशी आहे की यात घरी बसून एकट्याने प्रॅक्टिस करता येत नाही. प्रत्येकाकडे दोन-चारच स्वर, ते घेऊन घरी काय वाजवणार. त्यामुळे कोणाच्या आयुष्यात काय चाललंय ते थेट गाण्यात ऐकू येतं. अंबडला एमआयडीसीत असलेल्या दादाची सेकंड शिफ्ट लागली की वरचे दोन स्वर गायब. सिस्टरताई नाइट करून येतात, त्यांचा टोला अर्धी मात्रा उशिरा पडतो आणि कोणी काही बोलत नाही. आणि पिंपळगावकडचे आमचे काका, द्राक्षवाले, त्यांच्याकडे मधला म आणि प, म्हणजे ज्याच्याशिवाय नाताळचं एकही गाणं, कॅरोल, पुढे सरकत नाही. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, मग नोव्हेंबर-डिसेंबरात नेमकी बाग नाजूक असते, ढग आले की फवारणीचा ट्रॅक्टर रात्री काढावा लागतो, आणि आमचा सगळा सीझनही तोच, नाताळचा.

गेल्या डिसेंबरला कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी आभाळ भरून आलं आणि काकांचा मेसेज आला, "मणी तडकतील, मी नाही येत." मग एका हातात दोन घंट्या, एक पुढे-मागे आणि एक आडवी हलवायची, अशी पद्धत असते, ती कॉलेजवालीने मोबाइलवर बघून रात्री बारापर्यंत घोटली आणि काकांचे दोन्ही स्वर स्वतःकडे घेतले. दुसऱ्या गाण्यात तिचा प हुकला. काकांची बाग वाचली, जानेवारीत त्यांनी हॉलवर दोन क्रेट पाठवले, आणि यंदा आम्ही म-प कमी असलेली तीन गाणी आधीच काढून ठेवलीत.