भुरी येण्याआधी वेलीला सावध करा
कायटोसान वापरणाऱ्या द्राक्ष बागायतदारांसाठी

"यानं भुरी मरते का?" कायटोसान हे फवारणीचं द्रव्य नेताना बहुतेक जण हेच विचारतात. भुरी म्हणजे पानांवर, घडांवर पांढरी भुकटी आणणारी बुरशी. भुरीला अडवण्याचं मुख्य काम वेलच करते, कायटोसान तिला वेळेआधी इशारा देतं.

भुरीच्या बीजाणूला रुजायला पाण्याचा थेंबही लागत नाही, म्हणून पाऊस थांबून कोरडी थंडी पडली तरी ती फोफावते. बीजाणू पानाला चिकटतो, चपटा होतो आणि खालून एक बारीक टोक पेशीत घुसवू लागतो. पेशी तेव्हा स्वस्थ बसत नाही. तिचं केंद्रकसुद्धा त्या जागेकडे सरकतं आणि टोक जिथून येतंय, नेमकं तिथंच आतल्या बाजूनं कॅलोज या चिवट पदार्थाचा थर चढतो. खिंडार पडण्याआधी तटाला आतून डागडुजी करावी, तसं.

त्यातूनही बुरशी आत शिरली, तर ती पेशी स्वतः मरते. भुरी जिवंत पेशीवरच जगते, त्यामुळे तिचं अन्न तुटतं. शिवाय द्राक्षाचं पान रेस्व्हेराट्रॉल आणि त्यापासून व्हिनिफेरिन ही बुरशीला मारक द्रव्यं बनवतं. अतिनील दिव्याखाली ती निळसर चमकतात.

एवढं असून बाग भुरीला बळी का पडते? भुरी मूळची उत्तर अमेरिकेची. युरोपात ती १८४५ साली दिसली. अमेरिकेतल्या रानवेली तिला पूर्वापार तोंड देत आल्या. थॉमसन, तास-ए-गणेश या आपल्या जाती मात्र युरोप-आशियातल्या व्हिनिफेरा या द्राक्ष प्रजातीतल्या. त्यांचा प्रतिकार उशिरा आणि तोकडा पडतो.

इथं कायटोसान कामी येतं. बुरशीच्या पेशीभिंतीत कायटिन नावाचा कठीण पदार्थ असतो आणि त्याचे तुकडे जाणवले की पेशी सावध होते. कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचातल्या कायटिनपासूनच बनतं. ते फवारलं की बुरशी येण्याआधीच पेशी तयारीला लागते.

म्हणून फवारणी रोग दिसण्याआधीच हवी. फुलोऱ्याच्या आधीपासून मणी धरल्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांपर्यंतचा काळ सर्वांत नाजूक. पुढं मणी स्वतःच भुरीला दाद देत नाहीत; पण कोवळी पानं आणि घडाचे देठ तेव्हाही सांभाळावे लागतात. नवी फूट आली की फवारणी पुन्हा करावी, मात्र उगाच दाटीनं नको: बचावाला वेलीचंच अन्न खर्ची पडतं. बोर्डोत (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणात) किंवा चुन्याच्या द्रावणात मिसळू नका, कायटोसान फाटतं.

पानावर पांढरी भुकटी दिसू लागली असेल, तर आमचं कायटोसान नेऊ नका. तेव्हा गंधक किंवा लेबलवर द्राक्षातल्या भुरीसाठी शिफारस असलेलं बुरशीनाशकच घ्या, आणि काढणीपूर्वी किती दिवस फवारणी बंद ठेवायची तेही त्याच लेबलवर बघून घ्या.